राणीबागेत पहिल्यांदा जाताय? आधी महिना ठरवा, मग वार, मग सहा झाडं

भायखळ्याच्या राणीबागेत जायचंय, काय काय बघू, असा मेसेज दर सुट्टीच्या तोंडावर कोणाचा ना कोणाचा येतोच. बहुतेकांना खरं तर पेंग्विन कुठे आहेत आणि गर्दी किती असते एवढंच हवं असतं. तेही सांगते, पण ही बाग मुळात झाडांची आहे हो. पूर्ण नाव बघा, वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, त्यात वनस्पती आधी येतात. बाग उघडली १८६२ साली आणि प्राण्यांसाठी म्हणून जादा जागा जोडली ती १८९० मध्ये. मी लहानपणी चिंचपोकळीला राहायचे, एक स्टेशन अलीकडे, आणि आत्या आम्हा भावंडांना रविवारी चालत घेऊन जायची. तेव्हा आम्हीसुद्धा हत्ती आणि माकडं बघायलाच जायचो. झाडं बघायला लागले ती बऱ्याच मोठेपणी, आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं आपण यांच्याच सावलीत बसून डबा खाल्ला आणि एकाचंही नाव विचारलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

पहिलं काम: महिना ठरवा

बाग वर्षभर उघडी असते, पण झाडं बघायला जायचं तर महिन्याला फार महत्त्व आहे. मला विचाराल तर पहिली भेट फेब्रुवारीत ठेवा. तेव्हा उर्वशी फुललेली असण्याचा चान्स चांगला असतो, सीता अशोक सुरू झालेला असतो, जंगली बदाम फुलतो (त्याच्या फुलांना इतका घाण वास येतो की जवळपास कुठेतरी गटार फुटलंय असं वाटतं, घाबरू नका, झाडच आहे ते) आणि ऊनही सोसण्यासारखं असतं. महापालिकेचं फुलाफळांचं वार्षिक प्रदर्शनही जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या दिवसांत इथेच भरतं. मात्र प्रदर्शनाच्या शनिवार-रविवारी झाडं शांतपणे बघता येतील ही आशा सोडा, माणसंच माणसं असतात.

एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण आणि गुलमोहर. उकाडा भयंकर असतो पण आत सावली एवढी आहे की रस्त्यापेक्षा बागेत बरं वाटतं. पावसाळा सुरू झाला की गोरखचिंचेला पानं-फुलं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्विलियाचे केशरी घोस, हे झाड मादागास्करचं, गुलमोहराच्या गावचं. आणि दिवाळीच्या आगेमागे बुचाची पांढरी फुलं पडतात, ज्यांच्या शाळेत बुचाचं झाड होतं त्यांना सांगायला नको, लांब देठांची दोऱ्याशिवाय वेणी विणायची ती हीच फुलं.

दुसरं: वार आणि वेळ

बुधवारी बंद. हे ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंद ठेवतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझी मावसबहीण सोलापूरहून दोन मुलं घेऊन आली होती, मी घाईत वार बघितलाच नाही आणि आम्ही बंद गेटसमोर उभे. मुलांचे चेहरे अजून आठवतात. शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमपण बुधवारीच बंद असतं त्यामुळे चला तोवर म्युझियम तरी बघू हा पर्यायही त्या दिवशी नसतो.

तिकीट खिडकी सकाळी साडेनऊला उघडते. साडेनऊलाच पोचा. संध्याकाळी सहापर्यंत बाग असते पण पाचच्या पुढे तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. जमत असेल तर मंगळवार किंवा गुरुवार घ्या, शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत खूप येतात तेवढं ध्यानात ठेवा. रविवारी दुपारी बारानंतर गेलात तर लोकांच्या पाठी बघून परत याल.

तिकीट २०१७ मध्ये वाढलं, मोठ्यांना ५० रुपये आणि मुलांना २५ झालं, आणि आई-बाबा अधिक दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १००. त्याआधी मोठ्यांना ५ रुपये होतं, त्यामुळे तेव्हा ओरड झाली होती. पेंग्विनचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही, यातच येतं. ऑनलाइनपण तिकीट काढता येतं, सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर ते आधीच काढून ठेवा, रांग वाचते.

पोचायचं कसं

मध्य रेल्वेचं भायखळा. फास्ट गाड्याही थांबतात, स्लोने आलात तर दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. उतरल्यावर पूर्वेला बाहेर पडा, दहा-पंधरा मिनिटं चालत, नाहीतर टॅक्सी. टॅक्सीवाल्याला जिजामाता उद्यान म्हणा नाहीतर राणीबाग, दोन्ही कळतं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला बदलून यावं, सगळ्यात सोपं. गाडी घेऊन येऊ नका हो, आंबेडकर मार्गावरचं ट्रॅफिक आणि पार्किंगची शोधाशोध यात सकाळचा चांगला वेळ जातो, आणि झाडं बघायला तोच वेळ हवा असतो.

स्टेशनात उतरलात की लगेच पळू नका, दोन मिनिटं ती दगडी इमारत बघा, तिची डागडुजी करून जुनं रूप परत आणलंय आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक विभागाचं वारसा पारितोषिक मिळालंय.

पिशवीत काय घ्यायचं

पाण्याची बाटली (परत भरता येईल अशी), टोपी, डासांचं मलम, बसायला एक जुना कॉटनचा पंचा. पावसाळ्यात घट्ट पकडीच्या चपला, शेवाळं धरलेली जागा घसरते. दुर्बीण असेल तर घ्या, कारण उंच झाडांची फुलं खालून नुसती ठिपके दिसतात. एक छोटी वही घ्या, किंवा फोनमध्ये नोट्स. प्लास्टिक पिशव्या आणि कुरकुरेछाप पाकिटं घरी ठेवा. आत प्राण्यांना काही घालायचं नाही हे मुलांना गाडीत बसल्यावरच सांगून ठेवा, पिंजऱ्यासमोर सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

आत शिरलात, आता काय

मुलं बरोबर असतील तर माझं स्पष्ट मत आहे, पेंग्विन पहिले उरकून घ्या. साडेनऊ-पावणेदहाला तिथे रांग छोटी असते आणि एकदा पेंग्विन बघून झाले की पेंग्विन कधी, पेंग्विन कधी हे थांबतं. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्याकडचे, २०१६ साली सोलहून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला खुले झाले. एसीची थंड हवा खाऊन बाहेर या आणि मग झाडांकडे वळा. मुलं नसतील तर उलटं करा, आधी झाडं.

एक चूक सगळे करतात, सगळं बघायचं ठरवतात. पन्नासेक एकर बाग, अडीचशेच्या वर जातींची तीन हजारांच्या आसपास झाडं, एका दिवसात काय बघणार? सहा झाडं निवडा. फक्त सहा. प्रत्येकापाशी दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून.

बघण्याचीही एक रीत आहे, मी अशी बघते. आधी खाली, जमिनीवर. काय पडलंय, पाकळी, शेंग, पान, अर्धं खाल्लेलं फळ. वर काय चाललंय ते निम्मं खालीच कळतं. मग खोड, साल कशी आहे, खोडावर काही फुटलंय का, हात लावून बघा. आणि सगळ्यात शेवटी वर. आपण उलटं करतो, पहिली मान वर करतो, हिरवं हिरवं दिसतं, अरे वा मोठं झाड आहे म्हणतो आणि पुढे जातो. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, शास्त्रीय नावासकट, फोटो काढून ठेवा. पाटी नसेल तर माळीकाकांना किंवा मावशींना विचारा. कोणतं झाड कुठे हेही त्यांनाच विचारा, कोणतं या आठवड्यात फुललंय हे त्यांच्याइतकं कोणत्याही ॲपला माहीत नसतं.

माझी सहा झाडं

गोरखचिंच. आफ्रिकेतलं बाओबाब ते हेच, समुद्रमार्गे कधीतरी आपल्या किनाऱ्यावर आलेलं. खोड बघितलं की कळेल, फुगलेलं, राखाडी, हत्तीच्या पायासारखं, आत पाणी साठवून ठेवतं. हिवाळा-उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण असतं, लोकांना वाटतं वाळलं. पाऊस आला की हाताच्या पंजासारखी पानं फुटतात आणि पांढरी मोठी फुलं उलटी लोंबतात. ही फुलं उमलतात संध्याकाळी, वटवाघळांसाठी, आणि बाग तर सहाला बंद होते, म्हणजे उमलताना बघायला आपण तिथे नसतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी सकाळी जायचं आणि झाडाखाली बघायचं, रात्रीची फुलं तिथे पडलेली सापडतात, कडेने तपकिरी पडायला लागलेली, वास जरा आंबूस.

कैलासपती. दक्षिण अमेरिकेतून आलेलं झाड, पण आपल्याकडे इतकं रुळलं की देवळांच्या आवारात लावतात. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर लोंबणाऱ्या काड्यांना येतात. एक पडलेलं फूल उचला आणि नीट बघा. जाड, मांसल सहा पाकळ्या, आतून गुलाबी-लाल, मधे पिंडीसारखा उंचवटा, त्याभोवती केसरांचं रिंगण आणि वर वाकलेला नागाचा फणा. आता गंमत ही की फण्यातले केसर आणि रिंगणातले केसर वेगळे आहेत. फण्यातला पराग रुजत नाही, तो भुंग्यामाश्यांसाठी खाऊ. माशी तो खायला फण्याखाली शिरते तेव्हा रिंगणातला खरा पराग तिच्या पाठीला लागतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. पडलेलं एक फूल हातात धरून मुलांना हे दाखवा, पुस्तकातल्या परागीकरणाच्या धड्यापेक्षा लक्षात राहतं. आणि एक, फळं तोफगोळ्याएवढी आणि वजनदार असतात, त्याच्या बरोब्बर खाली पंचा अंथरून बसू नका. फुलाला सुंदर वास, फुटलेल्या फळाला मात्र नाक धरावं लागतं.

उर्वशी. हिच्यासाठी मी दरवर्षी जाते. मूळची म्यानमारची, वॉलिक नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला ती तिथे दिसली आणि लेडी अ‍ॅम्हर्स्टच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया ठेवलं. आपल्याकडे तिला उर्वशी म्हणतात, कोणी ठेवलं असेल ते नाव, अगदी चपखल बसलंय. फुलांचा घोस झुंबरासारखा खाली सुटतो, देठसुद्धा लाल, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हिला बी फार क्वचित धरतं त्यामुळे रोपं सहजासहजी होत नाहीत, गुटी कलम वगैरे करून वाढवावी लागतात, म्हणून एवढी दुर्मिळ. फूल नसेल तरी निराश होऊ नका, कोवळी पालवी बघा. ती जांभळट-तपकिरी, मरगळलेली, ओल्या रुमालासारखी लोंबत असते, झाडाला काही रोग लागलाय की काय वाटावं, आणि काही दिवसांत तीच पानं ताठ होऊन हिरवी होतात. एका फेब्रुवारीत मी खाली पडलेलं एकच फूल उचलून तळहातावर घेऊन बसले होते, तर एक आजोबा काठी टेकत आले, वाकून बघितलं, म्हणाले चाळीस वर्षं मॉर्निंग वॉकला येतोय, वर बघायचं राहूनच गेलं. मग आम्ही दोघं बराच वेळ वर बघत उभे होतो.

सीता अशोक. ज्याला आपण सोसायटीच्या कंपाउंडला अशोक अशोक म्हणतो, सरळसोट उंच, खाली झुकलेल्या पानांचा, तो खरा अशोक नव्हे. खरा हा, बुटकेला, पसरट, गर्द सावलीचा, आणि फुलं केशरी गुच्छांत जुन्या फांद्यांना बिलगून येतात. दोन्ही एकदा लागोपाठ बघून घ्या म्हणजे आयुष्यात गोंधळ होणार नाही.

कृष्णवड. वडाचाच प्रकार, पण पान देठाजवळ दुमडून द्रोणासारखं झालेलं असतं. कृष्णाने लोणी लपवायला पानाचा द्रोण केला आणि ते तसंच राहिलं अशी गोष्ट सांगतात. पान तोडू नका, खाली पडलेलं मिळतंच. एकदा पावसाची सर नुकतीच गेली होती तेव्हा एका माळीकाकांनी मला फांदी अलगद खाली ओढून दाखवली, द्रोणात खरंच पाणी होतं, चमचाभर, आणि त्यात एक मुंगी पोहत होती.

ब्राउनिया. लालभडक फुलांचा चेंडू, पण पानांच्या आत दडलेला, झाडाच्या खाली शिरून वर बघितल्याशिवाय दिसत नाही. पालवी उर्वशीसारखीच लोंबती, दोघी एकाच कुळातल्या. फेब्रुवारी ते एप्रिल.

ही सहा झाली की वर्षावृक्षाखाली बसा आणि डोळे मिटा. ढग आले की याची पानं मिटतात, संध्याकाळीपण. वर कलकल ऐकू आली तर ती वटवाघळं असू शकतात, दिवसा उलटी टांगलेली असतात आणि आपापसात भांडतात.

बागेतलं जुनं बांधकाम

आधी ही बाग इथे नव्हती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती, ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि मग माझगावच्या या जमिनीवर नवी बाग आखली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा त्यात मोठा हात. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअरच्या हस्ते उद्घाटन, तिच्या नावाचं गोल ग्रीक-रोमन वळणाचं छोटं मंदिर अजून आत आहे. नाव तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन्स, त्यावरून राणीची बाग, आणि तेच तोंडात बसलं. १८७३ पासून बाग महापालिकेकडे आहे.

म्युझियमला वेगळं तिकीट आहे आणि वेगळा दीड तास तरी हवा. १८७२ साली उघडलं, आतला हिरवा-सोनेरी रंग आणि जुन्या मुंबईच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती, पगड्यांसकट, बघण्यासारख्या. त्याच्या बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो फुटला, तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. आणि ज्या पुतळ्यावरून फोर्टातल्या चौकाला काळा घोडा म्हणतात तो खरा काळा घोडाही १९६५ पासून या बागेतच आहे, एडवर्ड राजासकट. मुलांना हत्तीपेक्षा घोड्याचं जास्त आश्चर्य वाटतं, घोडा इथे मग तिकडे काय आहे विचारतात, तिकडे २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा बसवलाय.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर

रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, बाकडी आहेत, पण अंतर जास्त आहे. त्यांना सगळीकडे फिरवू नका. म्युझियमच्या बाजूची जुनी बाग आणि जवळची दोन-तीन झाडं एवढंच ठेवा. दुपारी बारा ते तीन बसून राहायचं, जेवण सकाळी पोटभर करून यायचं किंवा बाहेर पडून करायचं. एप्रिल-मेमध्ये आला असाल आणि घरी मसाला करायचा असेल तर परतताना लालबागची मिरची गल्ली वाटेवरच आहे, आमची आई राणीबाग आणि मसाला एकाच फेरीत उरकायची.

फुलं तोडायची नाहीत, खोडावर नावं कोरायची नाहीत. हे सांगावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं, पण काही जुन्या खोडांवर बदाम आणि बाण कोरलेले आहेत आणि ती जखम झाड जन्मभर घेऊन उभं राहतं. २००७ मध्ये प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायचा मोठा प्लॅन आला होता, तेव्हा या झाडांचं काय होणार म्हणून काही मुंबईकर बायकांनी कंबर कसली, झाडांच्या नोंदी केल्या, कागदपत्रं धुंडाळली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि तो प्लॅन त्या रूपात झाला नाही. आज आपण ज्या सावलीत बसतो त्यात त्यांच्या चकरा आहेत.

निघताना वहीत तारीख, झाडाचं नाव आणि ते कुठल्या अवस्थेत होतं एवढंच लिहा, फूल, शेंग, निष्पर्ण, जे असेल ते. आणि पुढची भेट चार-पाच महिन्यांनी ठेवा, त्याच सहा झाडांसाठी. फेब्रुवारीत गेला असाल तर जुलैत जा, छत्री घेऊन, साडेनऊला. थेट गोरखचिंचेखाली.